आधी टिंगल, मग टाळ्या : ‘सायलेंट हिल २’च्या रिव्ह्यूंचा सगळा घोळ नेमका काय होता?

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. एक हॉरर गेम बाजारात येत होता. समीक्षकांचे रिव्ह्यू आले, मार्क चांगले पडले. आणि ते काही लोकांना अजिबात बघवले नाहीत. मग त्यांनी एक उद्योग केला. गेमच्या विकिपीडियाच्या पानावर गेले, वेगवेगळ्या वेबसाइट्सनी दिलेले खरे आकडे खोडले आणि तिथे मनानेच कमी आकडे टाकले. कोणी ते दुरुस्त केले की पुन्हा खोडायचे. शेवटी त्या पानाला कुलूप लावावं लागलं, म्हणजे वाटेल त्याने येऊन बदल करू नये अशी सोय करावी लागली.

दहावीच्या निकालादिवशी शेजारच्या पोराच्या मार्कशीटवर खाडाखोड करावी, तसला हा प्रकार. त्यातल्या कितीजणांनी गेम खेळला होता, हा प्रश्न तर वेगळाच.

गेमचं नाव ‘सायलेंट हिल २’. मूळ गेम २००१ चा. हा त्याचा रिमेक.

आता तुम्ही म्हणाल, जपानी कंपनीचा गेम, पोलंडच्या स्टुडिओने पुन्हा बनवला, भांडण इंग्रजी विकिपीडियावर झालं, आपल्याला काय त्याचं? तर आपल्याला एवढंच, की नवा मोठा गेम आपल्याकडे साधारण तीन ते पाच हजारांना पडतो. डोंबिवलीहून रोज फास्ट पकडून पहिल्या नोकरीला जाणाऱ्या पोरासाठी ही रक्कम म्हणजे लोकलचा पास, मोबाइलचा रिचार्ज आणि वर घरी दिलेले थोडे पैसे. गेम घ्यायचा की नाही हे तो कशावर ठरवतो? गर्दीत एका हाताने मोबाइल धरून बघितलेल्या एका आकड्यावर. हिरवा असेल तर घ्यायचा, पिवळा असेल तर सोडायचा. सिनेमा-नाटकाची परीक्षणं मराठी पेपरात वर्षानुवर्षं येतात. गेमचं परीक्षण मराठीत शोधायला जा, यूट्यूबवरची काही पोरं सोडली तर हाताला फारसं लागत नाही. त्यामुळे तो आकडा आणि त्याखालचं भांडण, एवढंच आपल्यापर्यंत पोहोचतं.

या एका गेमच्या बाबतीत तो आकडा तीन वेळा लागला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा निघाला. म्हणून ही गोष्ट.

आधी पहिला भाग, मग दुसरा

१९९९ मध्ये कोनामी या जपानी कंपनीने पहिल्या प्लेस्टेशनवर ‘सायलेंट हिल’ आणला. धुक्यात बुडालेलं एक अमेरिकन गाव, हरवलेली मुलगी, तिला शोधणारा बाप आणि मागे एक अघोरी पंथ. ते धुकं गाजलं, पण त्यामागचं कारण अगदी कामचलाऊ होतं. त्या जुन्या मशीनला लांबचे रस्ते आणि इमारती एका वेळी दाखवणं झेपत नव्हतं. मग लांबचं दिसूच नये म्हणून धुकं सोडलं. अडचणीतून आलेली ती गोष्ट पुढे या मालिकेची ओळख झाली. पावसाळ्यात येऊरच्या बाजूला सकाळी गेलेल्यांना कळेल, दहा पावलांवरचं झाड दिसेनासं झालं की कान आपोआप टवकारतात.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २००१ मध्ये, प्लेस्टेशन २ वर दुसरा भाग आला. दिग्दर्शक मासाशी त्सुबोयामा, लेखक हिरोयुकी ओवाकू, राक्षसांची कल्पना मासाहिरो इतो यांची, संगीत अकिरा यामाओका यांचं. आणि इथे या मंडळींनी एक धाडस केलं. सिक्वेल म्हटलं की लोकांना तीच माणसं, तीच कथा पुढे हवी असते. यांनी गाव तेवढं ठेवलं. बाप नाही, मुलगी नाही, तो पंथसुद्धा जवळपास बाजूला.

मराठी वाचकाला हा फरक लगेच कळेल असं एक उदाहरण आहे. नारायण धारप वाचताना संकट बाहेरून येतं. कुठलीतरी काळी शक्ती असते आणि तिच्याशी लढणारे समर्थ असतात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत बऱ्याचदा बाहेरून काही यायची गरजच पडत नाही. जे काही आहे ते माणसाच्या डोक्यात आधीपासून बसलेलं असतं. पहिला ‘सायलेंट हिल’ धारपांच्या बाजूचा आणि दुसरा मतकरींच्या बाजूचा, असं ढोबळमानाने म्हणता येईल. ‘सायकॉलॉजिकल हॉरर’ हा शब्द ट्रेलरवर सगळेच लावतात, पण त्याचा खरा अर्थ हा.

पुढे कथा फुटणार आहे

गेम खेळायचा असेल तर हा भाग सोडून खालच्या उपशीर्षकाकडे जा. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतोय.

जेम्स संडरलँड नावाच्या माणसाला त्याच्या बायकोचं, मेरीचं पत्र येतं. ती त्याला सायलेंट हिलला बोलावते. अडचण एवढीच, की तो म्हणतो, ती तीन वर्षांपूर्वी आजारपणात वारली. तरी तो जातो. तिथे त्याला अँजेला नावाची एक घाबरलेली तरुण मुलगी भेटते, एडी नावाचा चिडका पोरगा भेटतो, लॉरा नावाची आठ वर्षांची मुलगी भेटते आणि मेरीसारखीच दिसणारी, पण स्वभावाने उलटी, मारिया भेटते. लॉरा त्या गावातून बिनधास्त फिरते. तिला राक्षस दिसतच नाहीत. तिच्या मनात काही लपवलेलं नाही, म्हणून. बाकी प्रत्येकाला आपापला सायलेंट हिल दिसतो.

मग लॉरा बोलता बोलता सांगून जाते, की मेरी तिला हॉस्पिटलमध्ये भेटली होती आणि त्याला एक वर्षच झालंय. तीन वर्षांपूर्वी मेरी वारली नव्हती, आजारी पडली होती. शेवटी हॉटेलच्या खोलीत एक व्हिडिओ कॅसेट लागते आणि जेम्सला, आणि त्याच्याबरोबर आपल्याला, दिसतं की मेरीच्या तोंडावर उशी दाबणारा तोच होता.

हा धक्का म्हणून ठीक आहे, पण गेम लक्षात राहतो तो पुढच्या प्रश्नामुळे. त्याने हे तिच्या वेदना संपाव्यात म्हणून केलं, की आपली सुटका व्हावी म्हणून? जेम्स स्वतः दोन्ही म्हणतो. गेम त्याला माफही करत नाही आणि फासावरही चढवत नाही.

हे वाचायला परकं वाटत असेल तर आपल्याकडची घरं आठवा. कल्याण-डोंबिवलीत वन-बीएचकेमध्ये एक माणूस वर्ष-दोन वर्षं अंथरुणावर असतो. हॉलमध्येच कॉट, कॉटखाली औषधांचा डबा, टीव्हीचा आवाज कमी. जो कोणी रात्री उठून पाणी पाजतो, कूस बदलतो, त्याच्या मनात कधीतरी, एका क्षणासाठी, ‘आता सुटका होऊ दे’ असं येतं. कोणाची सुटका, हे तो स्वतःलाही विचारत नाही. दिवस झाल्यावर नातेवाईक म्हणतात, ‘सुटले बिचारे’, आणि तो मान हलवतो. जेम्सने केलं ते कोणी करत नाही, ते गुन्हाच आहे. पण तो विचार मनात येऊन गेल्याची लाज अनेक घरांत आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. एका जपानी टीमने २००१ मध्ये, प्लेस्टेशनवर, त्यावर बोलायचं ठरवलं.

पहिला निकाल : २००१

तेव्हा या गेमला मार्क कसे पडले? मेटाक्रिटिक ही वेबसाइट अनेक समीक्षकांचे मार्क गोळा करून त्यांची शंभरपैकी सरासरी काढते. त्यात कोणाच्या मताला किती वजन, हे ती जाहीर करत नाही. तिथे मूळ ‘सायलेंट हिल २’च्या नावावर ८९ आहेत. उत्तम मार्क.

पण त्या काळच्या रिव्ह्यूंचा भर कशावर होता ते बघा. ग्राफिक्स, धुकं, आवाज यांचं भरभरून कौतुक. जेम्स अवघडल्यासारखा वळतो, मारामारी अडखळत होते, कॅमेरा भिंतीला टांगल्यासारखा एकाच कोनात बसून राहतो, कलाकारांचे संवाद विचित्र वाटतात, या तक्रारी. आणि पहिल्या भागाच्या कथेचं पुढे काय झालं, हाही प्रश्न होताच. हे सगळं खोटं नव्हतं. नवीन मशीन आलं होतं, वाचकाला त्याचे पैसे वसूल होतायत का हे सांगणं समीक्षकाचं कामच होतं.

मात्र ज्या गोष्टीमुळे हा गेम आज कॉलेजांत अभ्यासला जातो, त्या गोष्टीला तेव्हा मार्क देण्याचा रकाना नव्हता. अँजेलाचंच बघा. तिच्यावर घरात झालेला अत्याचार गेम फारसं उघड न बोलता दाखवतो. ते पोहोचायला लोकांना वेळ लागला. गेम संपल्यावर आठवडा, महिना, काहींना दहा वर्षं. रिव्ह्यू तर पहिल्या आठवड्यात लिहून द्यायचा असतो.

आणखी एक गंमत आहे. या गेमला शेवट अनेक आहेत, आणि कुठला मिळणार हे गेम तुम्हाला न विचारता ठरवतो. तुम्ही मेरीचा फोटो आणि पत्र सारखं काढून बघता का? जखमी झाल्यावर लगेच औषध घेता की तसेच फिरता? मारियाची काळजी घेता का? अँजेलाकडून मिळालेली सुरी उगाचच काढून पाहत बसता का? या सगळ्याची नोंद गुपचूप होते. त्यामुळे दोन समीक्षकांनी एकच गेम खेळला तरी दोघांचे जेम्स वेगळे निघतात. मग दोघांच्या मार्कांची सरासरी काढायची म्हणजे नेमकी कशाची?

दुसरा निकाल : २०१२

हा भाग थोडक्यात, कारण तो फार दुःखद आहे. २०१२ मध्ये कोनामीने दुसरा आणि तिसरा भाग नव्या मशीनसाठी चकचकीत करून ‘एचडी कलेक्शन’ म्हणून विकायला काढले. काम बाहेरच्या एका छोट्या स्टुडिओकडे दिलं. तेव्हा कळलं की मूळ गेमचा अंतिम सोर्स कोडच जपून ठेवलेला नाही. हाताला लागला तो अर्धवट कोड घेऊन त्यांनी काम रेटलं. धुकं फाटलं, आवाज बिघडले, आणि एका पाटीवर ‘कॉमिक सॅन्स’ फाँट दिसला. तोच, जो सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘पार्किंगमध्ये गाड्या लावू नयेत’साठी वापरतात. मार्क सत्तरच्या आसपास घसरले.

कथा तीच होती, शब्द तेच होते. फक्त धुकं गेलं आणि भीती गेली. बिघडल्यावर कळलं की आधी नेमकं काय जमलं होतं.

तिसरा निकाल, आणि त्याआधीची टिंगल

ऑक्टोबर २०२२ मध्ये रिमेकची घोषणा झाली. काम पोलंडच्या क्राकुव्ह शहरातल्या ब्लूबर टीमकडे. ‘लेयर्स ऑफ फिअर’ (२०१६), ‘ब्लेअर विच’ (२०१९), ‘द मीडियम’ (२०२१) हे त्यांचे गेम. ठीकठाक, काही जागी चांगले, पण मानसिक आजार आणि अत्याचार हाताळताना यांचा हात जड पडतो, अशी तक्रार आधीपासून होती. ‘सायलेंट हिल २’ तर नेमका त्यावरच उभा. चाहते घाबरले आणि त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

त्यात जानेवारी २०२४ मध्ये मारामारी दाखवणारा एक ट्रेलर आला. जेम्स धडाधड गोळ्या झाडतोय. लोकांनी त्याची इतकी टर उडवली, की ब्लूबरच्या प्रमुखांनाच सांगावं लागलं की या ट्रेलरमधून गेमचा खरा स्वभाव दिसत नाही. मग जेम्सच्या चेहऱ्यावर मीम आले. मग अँजेलाच्या चेहऱ्यावर. इथे टीकेची जात बदलली, हे लक्षात घ्या. अँजेलाचा नवा चेहरा ‘पुरेसा सुंदर नाही’ म्हणून एक गट पेटला. ज्या पात्राची सगळी कथाच अशी, की पुरुषांनी तिच्याकडे कसं बघितलं आणि त्याने तिचं काय झालं, त्या पात्राबद्दल ही तक्रार! यावर वेगळं काही बोलायची गरज आहे असं मला वाटत नाही.

८ ऑक्टोबर २०२४ ला गेम आला. मेटाक्रिटिकवर ८६ च्या आसपास. पहिल्या काही दिवसांत दहा लाख प्रती खपल्या, जानेवारी २०२५ पर्यंत वीस लाख. कालपर्यंत टिंगल करणारे बरेचजण टाळ्या वाजवायला लागले. आणि उरलेले विकिपीडियाकडे वळले, ते आपण वर बघितलंच.

आता नुसता आकडा घेऊन बसलात तर गणित असं होतं : मूळ ८९, रिमेक ८६, म्हणजे रिमेक तीन मार्कांनी कमी. हे गणित काहीच सांगत नाही. २००१ चे ८९ हे त्या वर्षीच्या गेमांशेजारी ठेवून दिलेले होते. २०२४ चे ८६ हे तेवीस वर्षांच्या आठवणीशेजारी ठेवून दिलेले आहेत. जुनं नाटक नव्या संचात बघायला गडकरी रंगायतनला गेलेला प्रेक्षक कसा बसतो? समोरच्या नटाकडे बघत असतो, पण त्याच्या शेजारी मूळ संचातला नट त्याला दिसत असतो. त्या न दिसणाऱ्या नटाशी कोणीच जिंकू शकत नाही. तरी ८६ मिळाले, यात ब्लूबरचं कौतुक आहे.

त्यांनी केलं काय? कॅमेरा भिंतीवरून काढून जेम्सच्या खांद्यामागे आणला. गावातल्या बंद दुकानांत शिरता येऊ लागलं. संवाद नव्या कलाकारांनी नीट, दबक्या आवाजात म्हटले. धुकं आता तांत्रिक गरज नव्हती, तरी ठेवलं आणि आणखी दाट केलं. मूळ टीममधले यामाओका आणि इतो सोबत होते. आधीचे शेवट ठेवून दोन नवे जोडले.

चुकलं काय? लांबी. मूळ गेम सात-आठ तासांत व्हायचा, हा सहज पंधराच्या वर जातो. ती सगळी लांबी कथेची नाही. बरीचशी अंधाऱ्या खोल्यांतल्या मारामारीची आहे. चौथ्या इमारतीत तोच पुतळ्यासारखा राक्षस दाराआड उभा सापडतो तेव्हा भीती नाही, कंटाळा येतो. अनेक समीक्षकांनी हे लिहिलं आणि माझंही तेच मत आहे. खांद्यामागच्या कॅमेऱ्यामुळे एक छोटी गोष्टही हरवली. जुन्या कॅमेऱ्यात कोणीतरी कोपऱ्यातून जेम्सकडे बघतंय असं वाटायचं. आता आपणच त्याच्या मागे उभे असतो, त्यामुळे तो तितका एकटा वाटत नाही.

हे सगळं ८६ या आकड्यात कुठे दिसतं? कुठेच नाही. रिव्ह्यूच्या चौथ्या-पाचव्या परिच्छेदात दिसतं, आणि तिथपर्यंत आपण ठाकुर्ली येईपर्यंत पोहोचत नाही.

मग लोकांचे मार्क बघायचे का?

समीक्षक नको, सामान्य खेळाडू काय म्हणतात ते बघू, असं अनेकांचं म्हणणं असतं. चांगला विचार आहे, पण कुठे बघताय त्यावर अवलंबून.

जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ आला. तोही सिक्वेल, तोही अंगावर येणारा. समीक्षकांचे ९३. आणि मेटाक्रिटिकवरच्या युजर स्कोअरमध्ये पहिल्याच दिवशी शून्यांचा पाऊस. गेम पूर्ण करायला वीस-पंचवीस तास लागतात, शून्यं काही तासांत आली. म्हणजे ते मत गेमवर नव्हतं, फुटलेल्या कथेवर आणि त्यातल्या पात्रांवर होतं. यालाच ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला, की नवा गेम आल्यावर पहिले ३६ तास युजर रिव्ह्यू घेणार नाही. निदान खेळा तरी.

स्टीमवर मात्र गेम तुमच्या खात्यात असल्याशिवाय रिव्ह्यू लिहिता येत नाही, आणि लिहिणाऱ्याने किती तास खेळलंय ते तिथेच दिसतं. अर्ध्या तासात ‘बकवास’ लिहिणारा आणि अठरा तास खेळून ‘लांबी जास्त आहे’ लिहिणारा, दोघांतला फरक तुम्हालाच करता येतो. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसेही परत मिळतात. पण ‘सायलेंट हिल २’चे पहिले दोन तास बऱ्यापैकी धुक्यात चालण्यातच जातात. तेवढ्यावरून ठरवणं म्हणजे नाटकाची पहिली घंटा ऐकून उठून जाणं.

आणि यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना बघणं? आपल्याकडे बहुतेकांची या गेमशी ओळख तशीच होते. त्यात काही कमीपणा नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की शेवट कुठला मिळणार हे ज्याच्या हातात कंट्रोलर आहे त्याच्या सवयींवर ठरतं. तुम्ही बघताय तो त्याचा जेम्स आहे. तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग कॅफेत तर हा गेम चुकूनही लावू नका. बाजूला पाचजण एकमेकांना शिव्या घालत गोळीबार करत असतात. जेम्सच्या खिशात एक रेडिओ असतो, राक्षस जवळ आला की तो खरखरतो. सगळा गेम त्या खरखरीवर चालतो. ती ऐकायला शांतता लागते, आणि कल्याण-डोंबिवलीत ती रात्री घरचे झोपल्यावर, हेडफोन लावूनच मिळते.

त्याच २०२४ मध्ये, मे महिन्यात, आणखी एक मानसिक भयाचा सिक्वेल आला होता, ‘सेनुआज सागा : हेलब्लेड २’. सायकोसिस असलेल्या योद्ध्या बाईची गोष्ट. पहिल्या भागापासून केंब्रिजच्या मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन बनवलेला. तिच्या डोक्यातले आवाज हेडफोनमधून उजव्या-डाव्या कानात कुजबुजतात. आवाजासाठी त्याला वर्षअखेरचा ‘द गेम अवॉर्ड्स’चा पुरस्कार मिळाला. पण मार्क ८१ च्या आसपास अडकले, कारण बऱ्याच समीक्षकांचं म्हणणं पडलं की यात बघायला खूप आहे, करायला कमी आहे. ‘सायलेंट हिल २’ला करायला फार दिलं म्हणून टीका, ‘हेलब्लेड २’ला कमी दिलं म्हणून. मनातली भीती गेममध्ये आणायची तर खेळाडूच्या हातात नेमकं काय द्यायचं, हे अजून कोणालाच पक्कं जमलेलं नाही.

आपल्याकडेही झालंय हे

रिमेक येण्याच्या महिनाभर आधी, १३ सप्टेंबर २०२४ ला, ठाण्याच्या मल्टिप्लेक्सना एक जुना सिनेमा पुन्हा लागला होता. ‘तुंबाड’. २०१८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा समीक्षकांनी वाखाणला, पण थिएटरात फार टिकला नाही. मग सहा वर्षं लोकांनी तो मोबाइलवर, लॅपटॉपवर बघितला, एकमेकांना सांगितलं, हस्तरवर मीम केले. पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमातली एक चौकटही बदलली नव्हती. बदलले होते ते बघणारे.

रिमेक आणि सिक्वेलचा खेळही आपल्या ओळखीचा आहे. विशाल फुरियांनी उसाच्या फडातली ‘लपाछपी’ २०१७ मध्ये मराठीत आणली, २०२१ मध्ये स्वतःच तिची हिंदी ‘छोरी’ केली आणि २०२५ मध्ये ‘छोरी २’. ती बघताना ‘पहिल्यासारखी मजा नाही’ म्हणणारे तुमच्याही ग्रुपवर असतील. त्यातल्या कितीजणांची ‘पहिली’ म्हणजे ‘लपाछपी’ आणि कितीजणांची ‘छोरी’, हे विचारून बघा एकदा.

एक मुद्दा पालकांसाठी. गेम म्हणजे लहान मुलांचं खेळणं, हा समज आपल्याकडे अजून आहे. हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि ते केवळ रक्तामुळे नाही. यात आत्महत्या आहे, घरातला अत्याचार आहे. वाढदिवसाला भाच्याला काहीतरी द्यायचं म्हणून हिरवा आकडा बघून उचलायची ही वस्तू नव्हे. तो आकडा वयाबद्दल काही सांगत नाही.

जून २०२५ मध्ये कोनामीने जाहीर केलं, की १९९९ च्या पहिल्या ‘सायलेंट हिल’चाही रिमेक होणार आणि तोही ब्लूबरच करणार. या वेळी टिंगल बरीच कमी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘सायलेंट हिल एफ’ आला, १९६० च्या दशकातल्या जपानमध्ये घडणारा. त्यालाही समीक्षकांनी उचलून धरलं. म्हणजे पहिल्या भागाच्या रिमेकचा ट्रेलर येईल तेव्हा हा सगळा तमाशा पुन्हा पहिल्यापासून होईल, फक्त बाजू बदललेल्या असतील.

माझा एक मित्र ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला राहतो. तीन महिने ‘घेऊ का, घेऊ का’ विचारून त्याने डोकं खाल्लं. शेवटी सेलमध्ये घेतला, दोन आठवडे रात्री जागून संपवला आणि मला मेसेज केला, की त्याला सगळ्यात वाईट शेवट मिळाला, जेम्स तळ्यात गाडी घालतो तो. ‘भाई, मी तर कोणालाच त्रास दिला नाही, मग असं का?’ मी विचारलं, खेळताना सुरी काढून बघायचास का?

थोडा वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, ‘हो. पण ते तुला कसं माहीत?’